सहा दिवस जिम, साडेचार तास झोप: एका ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: सर, मी अहिल्यानगर जिल्ह्यातला असून पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्वार्टर गेटजवळ कॉट बेसिसवर राहतो, जेवण मेसचे. वजन ६२ किलो. आठवड्यातून सहा दिवस पहाटे दोन तास जिम, संध्याकाळपर्यंत कॉलेज आणि प्रॅक्टिकल्स, रात्री साडेबारापर्यंत अभ्यास, शिवाय रोज बायबलचे तीन अध्याय, असा तक्ता करून भिंतीला लावला आहे. त्याचा फोटो सोबत पाठवतो. तरी मागच्या सत्रात दोन विषय राहिले, जिममधली वजने वाढेनाशी झाली आणि प्रार्थनेला बसलो की डोळा लागतो. रूम पार्टनर माझ्याच गावचा आहे, तो तालमीत जातो आणि मलाही चल म्हणतो. पण तिथे मारुती आहे म्हणून मी टाळतो, आणि त्यावरून आमच्यात अबोला झाला आहे. जिममधला एक मित्र इंजेक्शन घेतो व मलाही सुचवतो. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात की शरीराचे एवढे चोचले जगिक आहेत. ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला आहे आणि पाठोपाठ परीक्षा. यातले मी काय सोडू?

उत्तर: तुझ्या प्रश्नातले मुद्दे मी तू मांडलेल्या क्रमाने घेणार नाही, कारण ज्या गोष्टीपासून सुरुवात व्हायला हवी तिचा तू उल्लेखच केलेला नाहीस. तक्त्याचा फोटो मी नीट पाहिला. व्यायामाला लाल स्केच पेनची खूण आहे, अभ्यासाला निळी, बायबलला हिरवी, अगदी ‘घरी फोन’ यालाही स्वतंत्र रकाना आहे. झोपेला मात्र रकाना नाही. शनिवार संध्याकाळच्या ‘गायन सराव’ या नोंदीवर काट मारून तिथे ‘राहिलेला अभ्यास’ असे लिहिलेले दिसते, तेही मी पाहिले. त्याकडे पुढे येईन. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे काम करताना आणि रविवारी मंडळीत तरुण संघाच्या मुलांबरोबर बसताना असे तक्ते माझ्यासमोर नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांत मेहनत कमी पडलेली नसते. कमी पडलेली असते ती झोप, आणि तिच्यापायी बाकी सगळे रकाने भरूनही रिकामे राहतात.

आधी साधा हिशेब करू. साडेबाराला पाठ टेकून पाचला उठणे म्हणजे साडेचार तास, आठवड्याचे साडेएकतीस. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते असे धरले, तर आठवड्याला ४९ तास व्हायला हवेत. म्हणजे दर आठवड्याला साडेसतरा तासांची तूट तू पुढे ढकलत आहेस, आणि रविवारी दुपारी दोन तास लोळून ती भरून निघत नाही. वजने का वाढत नाहीत याचे उत्तर इथेच आहे. जिममध्ये स्नायूंवर ताण पडतो आणि त्यांची थोडी मोडतोड होते. ते पूर्वीपेक्षा मजबूत होतात ते नंतरच्या विश्रांतीत, आणि या दुरुस्तीला लागणारे वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते. वाचलेले पक्के होण्याचे कामही मेंदू बऱ्याच अंशी झोपेतच करतो. त्यामुळे रात्री साडेबारापर्यंत जे वाचलेस त्यातला मोठा भाग तू पाचच्या गजराने स्वतःच पुसून टाकतोस. प्रार्थनेत डोळा लागतो हे तर मला अध्यात्माचे दुखणे वाटतच नाही. साडेचार तास झोपलेला माणूस अंधारात डोळे मिटून शांत बसला तर त्याने झोपू नये तर काय करावे?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये ऐकली असशील, पण पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय या दृष्टीने एकदा पुन्हा वाच. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय झाला, तिथून इज्रेलपर्यंत तो धावत गेला, मग ईजबेलीची धमकी आली आणि रानातल्या एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. त्या क्षणी त्याला ना उपदेश मिळाला ना कानउघाडणी. तो झोपला, दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचा आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर, होरेबला पोहोचल्यावर. मंडळीत मी तरुणांना हा अध्याय वाचून दाखवतो तेव्हा दोन जेवणे आणि दोन झोपा मोजायला सांगतो.

आता तक्ता बदलू. जिम सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आण: सोमवार, बुधवार, शुक्रवार. तुझे जाण्यायेण्यासह रोजचे अडीच तास धरले तर आठवड्याचे पंधरा तास जातात. तीन दिवस दीड-दीड तास दिले तर साडेचार. साडेदहा तास इथेच सुटले आणि ते सगळे झोपेच्या खात्यावर टाकायचे. उरलेले सात तास कुठून येतील हे तुझा मोबाइल सांगेल. स्क्रीन टाइम उघडून पाहा, मला आकडा कळवण्याची गरज नाही.

तीन दिवसांत काय करायचे, तर दर वेळी मोठ्या स्नायूंचे चार-पाच व्यायाम: स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, खांद्यांचा प्रेस, आणि जमत असतील तर पुलअप्स. प्रत्येकाचे तीन सेट, सहा ते दहा आवर्तनांचे, आणि प्रत्येक सेट संपताना आणखी एक-दोन आवर्तने निघाली असती अशा ठिकाणी थांबायचे. आवर्तने सहज निघू लागली की अडीच किलो वाढवायचे. दंडांसाठी वेगळा दिवस, छातीसाठी वेगळा दिवस ही स्पर्धेतल्या शरीरसौष्ठवपटूंची पद्धत आहे आणि ज्यांचा दिवस त्याच कामाचा आहे त्यांना ती शोभते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेली शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम अशी आहे. तीन दिवस जिम आणि रोजचे चालणे यांत ती पुरी होते.

खाण्याचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण ‘प्रोटीन १५० ग्रॅम’ असे तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिले आहेस, म्हणून सांगतो. सामान्य प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने ही आपल्याकडची २०२० ची अधिकृत शिफारस आहे; तुझ्यासाठी ती साधारण ५१ ग्रॅम होते. वजने उचलणाऱ्याला जास्त लागतात, पण दर किलोला १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्याने सहसा फारसा लाभ दिसत नाही. म्हणजे तुझी कमाल गरज शंभराच्या आसपास. मेसच्या दोन वेळच्या मिळून आठ पोळ्यांतून सुमारे २४ ग्रॅम, दोन वाट्या आमटी-उसळीतून १२ ग्रॅम, चार उकडलेल्या अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २६. बेरीज १०२ झाली. साडेतीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा आणला नाही म्हणून तुझे काहीही अडलेले नाही. ते पैसे घरून येतात आणि घरी त्यांचा उपयोग काय झाला असता हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

इंजेक्शनाबद्दल मात्र मी थोडक्यात आणि स्पष्ट बोलतो. जिमच्या कोपऱ्यात आज दोन प्रकारची इंजेक्शने फिरतात. एक म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स, ज्यांनी शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती दबते, वृषणे आक्रसतात, छातीला गाठी येतात, पुळ्या उठतात आणि हृदय व यकृतावर ताण येतो. दुसरे मेफेनटरमाइन, हे शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठीचे औषध आहे आणि थकवा कळू नये म्हणून मुले ते टोचून घेतात. त्याने झोप उडते, रक्तदाब व ठोके बेसुमार वाढतात, सवय लागते, भ्रम होऊ लागतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री बेकायदा आहे, आणि पुण्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. तू घ्यायचे नाहीस, ती बाटली तुझ्या खोलीत ‘दोन दिवस ठेव’ म्हणून कोणी दिली तरी ठेवायची नाहीस. मित्रावर वचनांचा मारा करू नकोस, त्यामुळे तो तुझ्यापासून लपवू लागेल इतकेच होईल. स्टेरॉइड्स मनाने एकदम बंद केली तरी त्रास होतो, म्हणून त्याला डॉक्टरकडे जायला तयार कर आणि तू स्वतः सोबत जा. खर्चाची अडचण असेल तर ससून रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून सकाळ घालवायची तयारी ठेव. पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडणारे ते चौघे आठवतात ना? त्यांनी त्या माणसाला काय शिकवले याबद्दल मार्काने एक शब्द लिहिलेला नाही. त्यांनी त्याला उचलून नेले, एवढेच.

आता तालमीकडे येतो, कारण तुझ्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा आहे आणि त्याला तू एकच वाक्य दिले आहेस.

पुण्याच्या पेठांमधली तालीम म्हणजे व्यायामाची नुसती जागा नव्हे. दारात चपला काढायच्या, आत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर, खाली तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती, आणि त्या मातीला हात लावून कपाळी लावल्याशिवाय कोणी आखाड्यात उतरत नाही. शनिवारी नारळ फुटतो आणि खोबरे-साखर वाटली जाते. तुझ्यासारख्या मुलाला हे सगळे पाहून दारातच अडखळल्यासारखे होते, आणि ते अडखळणे खोटे नाही. पण त्यातले काय उपासना आहे, काय शिष्टाचार आहे आणि काय केवळ गावाची रीत आहे हे वेगळे करून पाहायला हवे. चपला काढणे हा शिष्टाचार आहे. वस्तादांना वाकून नमस्कार करणे हे गुरूला मान देणे आहे आणि आपल्या घरांतही मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. मारुतीची आरती करणे ही उपासना आहे, आणि ती तू करू नयेस हे तुला पटते तसे मलाही पटते. माती कपाळी लावणे या दोहोंच्या मधले आहे; मला ते अन्नाला नमस्कार करण्यासारखे वाटते, दुसऱ्या कोणा ख्रिस्ती माणसाला तसे वाटणार नाही, आणि अशा बाबतीत ज्याने त्याने आपल्या मनाची पुरी खात्री करून घ्यावी, एकाने दुसऱ्याला दोषी ठरवू नये, हेच प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगतो.

खोबऱ्याचे काय? ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत हाच वाद होता, फक्त तिथे मांस होते. बाजारात जे विकले जाते ते चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको, असा पौलाचा निवाडा आहे. आपल्या मराठी मंडळ्यांत प्रसाद घेणारी घरे आहेत आणि न घेणारीही आहेत. तू न घेणाऱ्यांपैकी असशील तर हसून, हात जोडून ‘मला नको, दादा’ एवढे म्हण. त्याला जोडून प्रवचन देऊ नकोस. माझा अनुभव असा आहे की वस्ताद मंडळी या बाबतीत आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ उदार असतात. पोरगा वेळेवर येतो का, अंगचोरपणा करतो का, मोठ्यांशी नीट बोलतो का, यावर त्यांचे लक्ष असते. आधी एकदा जाऊन वस्तादांना सरळ सांग की मी ख्रिस्ती आहे, आरतीच्या वेळी बाजूला शांत उभा राहीन, चालेल का? ‘नाही’ म्हणाले तर प्रश्न मिटला आणि पार्टनरलाही तुझे कारण कळले. ‘चालेल’ म्हणाले, आणि बहुधा म्हणतील, तर एखाद्या दिवशी जिमऐवजी जोर-बैठका मारायला काहीच हरकत नाही. जोर हा छाती, खांदे आणि कंबर यांचा एकत्र व्यायाम आहे, त्याला यंत्र लागत नाही आणि महिन्याची फी जिमच्या मानाने नाममात्र असते.

पण मुख्य गोष्ट तालमीत जाण्या-न जाण्याची नाही. गावाहून तुझ्याबरोबर आलेला मुलगा तुला आपल्या आवडीच्या जागी बोलावतो आणि तू कारण न सांगता दर वेळी टाळतोस; त्याने यातून काय समजावे? त्याला वाटले असणार की हा आता आपल्याला हलके समजू लागला. कारण विश्वासाचे असले तरी ते न सांगता टाळणे हा अबोल्याचा रस्ता आहे. आज रात्री मेसमध्ये त्याच्या शेजारी ताट घेऊन बस आणि जे मला लिहिलेस ते त्याला सांग. शिवाय शनिवारी सकाळी दोघे मिळून पर्वतीच्या पायऱ्या चढा किंवा तळजई टेकडीवर चक्कर मारा. हृदय-फुप्फुसांचा व्यायाम होईल आणि तासभर बोलणेही होईल. येताना वाटेत पोहे खाल्ले तर ते प्रथिनांच्या हिशेबात धरू नका.

या ठिकाणी तुझ्या तक्त्याबद्दल माझे खरे मत सांगतो. वजन उचलण्याला नोंदवही हवीच. किती किलो, किती आवर्तने हे लिहिल्याशिवाय पुढच्या आठवड्यात काय वाढवायचे ते कळत नाही, आणि स्नायू या हिशेबाला इमानेइतबारे जबाब देतात. या यशाने तू तीच रीत मैत्रीला, प्रार्थनेला आणि वाचनालाही लावलीस. तीन अध्याय झाले की हिरवी खूण, मग ते कोणते तीन हे संध्याकाळी आठवत नसले तरी चालते. ‘घरी फोन’ची खूण झाली, पण आईने काय सांगितले? मैत्री आणि प्रार्थना यांना वेळ ठरवून देणे चांगले. त्यांची प्रगती मोजायला गेलो की त्या हातातून निसटतात. व्यायामाचे रकाने ठेव. बाकीचे पुस. तीन अध्यायांऐवजी अर्धा अध्याय वाच आणि त्यातली एखादी ओळ दिवसभर मनात राहू दे.

अभ्यासाला मात्र थोडा हिशेब लागतो, फक्त तो तासांचा नको. पान वाचून वही मिटायची, कोऱ्या कागदावर जे आठवते ते लिहायचे, मग पुन्हा पान उघडून काय सुटले ते पाहायचे; हे दोन दिवसांनी एकदा आणि आठवड्याने पुन्हा. नुसत्या फेरवाचनापेक्षा हे जड जाते आणि म्हणूनच टिकते. राहिलेल्या दोन विषयांच्या विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढ आणि त्याच वेळेत, त्याच टेबलावर बसून सोडव. प्रॅक्टिकलचे जर्नल शेवटच्या आठवड्यात मित्राचे पाहून उतरवायचे ठरवले असशील तर ते आजपासून दर शुक्रवारी पुरे कर, कारण परीक्षेच्या तोंडावर झोप खाणारे मोठे काम तेच असते.

मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. पौलाने तीमथ्याला लिहिले आहे की शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी आहे, सुभक्ती मात्र सर्व बाबतींत. ते वचन त्यांच्या बाजूचे आहे. फक्त ‘थोड्या बाबतीत उपयोगी’ याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा होत नाही. त्याच पौलाने करिंथकरांना लिहिताना धावणारा आणि मुष्टियोद्धा यांची उदाहरणे दिली, कारण करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत आणि वाचणाऱ्यांना मैदान ठाऊक होते. दुसऱ्या बाजूला, जिमच्या टी-शर्टवर ‘शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर’ हे वचन छापून मिरवणाऱ्यांनीही ते मुळात कुठे आले ते पाहावे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातला तो भाग वेश्यागमनाबद्दल आहे, दंडाच्या घेराबद्दल नाही. आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिर म्हटले आहे ते सगळ्या मंडळीला मिळून. आरशासमोर एकट्याने मंदिर होता येत नाही.

त्या गृहस्थांना राग येणार नाही अशा बेताने एक गोष्ट कधीतरी सांगता येईल. मंडळीच्या आवारात संध्याकाळी मुले ज्या व्हॉलीबॉलवर तुटून पडतात तो खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होल्योक येथील वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत निघाला, बास्केटबॉल त्याआधी १८९१ मध्ये वाय.एम.सी.ए.च्याच स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षण शाळेत, आणि शारीरिक शिक्षकांना शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे मद्रासचे महाविद्यालय १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी त्याच संस्थेतर्फे उभे केले. म्हणजे मी ज्या पेशात आहे तो या देशात रुजला त्यात ख्रिस्ती मंडळींचा हात मोठा आहे. त्या गृहस्थांना काळजी वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची असावी: तू मंडळीच्या गायन सरावाला येईनासा झालास. त्यांनी शरीराचे नाव घेतले, पण रिकामी खुर्ची त्यांना दिसत असणार. शनिवारचा सराव पुन्हा सुरू कर आणि हा वाद आपोआप मिटतो का ते बघ.

उपवासकाळाबद्दल. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात आणि त्यातले रविवार वगळले की चाळीस; रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून उपवासात धरत नाहीत. तू कॅथलिक असशील तर १८ ते ५९ वयाला बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) एवढे दोनच दिवस आहेत, आणि त्यातही एक पूर्ण जेवण व दोन हलकी खाणी चालतात. मांसवर्ज्य शुक्रवारांचा नियम वेगळा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा असा लेखी नियम नसतो, त्यामुळे उत्साही तरुण स्वतःहून कोरडा उपवास धरतात, आणि मार्चच्या उन्हात पुण्यात पाण्यावाचून राहून संध्याकाळी डेडलिफ्ट मारायला जातात. हे करू नकोस. उपवासाच्या दिवशी पाणी भरपूर पी, जड व्यायाम ठेवू नकोस, वाटले तर अर्धा तास चाल. मधुमेह किंवा तसा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

आणखी एक पारख सांगतो. उपवासकाळात दर दोन दिवसांनी तू वजनकाट्यावर उभा राहत असशील, तर तो डाएट आहे. डाएट करण्यात पाप नाही, पण मग त्याला डाएट म्हण. उपवास गुप्तपणे करा असे येशूने सांगितले ते याच कारणासाठी असावे. आणि यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला उपवास तर आपली भाकर भुकेल्याला वाटून देण्याचा आहे. चाळीस दिवस मोबाइल रात्री दहाला बंद करून पार्टनरच्या ताब्यात द्यायचा, हा तुझ्यासाठी मला सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी उपवास दिसतो.

रविवारी पूर्ण विश्रांती. व्यायाम नाही, आणि जमेल तर भक्तीनंतर दुपारपर्यंत पुस्तकही नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारी येतात आणि तुलाही पुढे हा पेच पडेल, म्हणून एरिक लिडेल या स्कॉटिश ख्रिस्ती धावपटूचे उदाहरण पूर्ण सांगतो, कारण आपल्याकडे ते अर्धेच सांगितले जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक त्याने ४७.६ सेकंदांत जिंकले, हे सर्वांना माहीत असते. पण वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळले होते आणि तेवढे महिने त्याने ४०० मीटरची तयारी केली होती. ऐन वेळी हट्ट करून तो बसला नव्हता. पुढे चीनमध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत असताना मुलांमध्ये भांडणे होऊ नयेत म्हणून रविवारच्या खेळाला त्यानेच पंच म्हणून उभे राहायला सुरुवात केली, असे त्याच्या सोबत्यांनी नोंदवले आहे. तेव्हा परीक्षा रविवारी आली तर महिनाभर आधी पाळकसाहेबांशी बोल. सकाळची लवकरची किंवा संध्याकाळची भक्ती कुठे आहे ते पाहून ठेव, आणि कॅथलिक असशील तर शनिवार संध्याकाळची मिस्साही चालते. मी स्वतः परीक्षा द्यावी या मताचा आहे. तुझ्या घरचे मत वेगळे असेल तर त्यांचेही ऐक.

राहिला परीक्षेचा पंधरवडा. त्या काळात जिम पूर्ण बंद करण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा जा, वजने तीच ठेव, पण प्रत्येक व्यायामाचे तीनऐवजी एक किंवा दोन सेट कर. पस्तीस मिनिटांत बाहेर पडशील. वजन कायम ठेवून सेट कमी केले तर काही आठवडे ताकद टिकते, वाढत नाही एवढेच. नवा व्यायाम त्या पंधरवड्यात सुरू करू नकोस, कारण नव्या हालचालीने अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त धरते आणि नेमका पेपर त्या दिवशी असतो. पेपरच्या आदल्या रात्री अकराला दिवा बंद. सकाळी मेस उघडण्याआधी निघायचे असेल तर अंडी आदल्या संध्याकाळी उकडून ठेव, आणि पार्टनरचाही पेपर असेल तर त्याच्यासाठी दोन जास्तीची टाक.